पेजरचा खेळ आणि पडद्यामागची माकडे

आमच्या नांदेड-लातूरकडील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरून एक तीन-साडेतीन मिनिटांची चित्रफीत गेली काही वर्षे फिरते आहे. न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने ती एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. पेजर नावाचे नऊ वर्षांचे माकड संगणकाच्या पडद्यासमोर बसले आहे, तोंडाशी धातूची नळी आहे आणि नळीतून केळ्याचे गोड पेय येते आहे. माकड आधी हातातल्या दांडीने पडद्यावरचा ठिपका रंगीत चौकोनांवर नेते. मग दांडीची तार काढून टाकली जाते, तरीही ठिपका हलत राहतो. शेवटी दांडीच उचलून घेतात आणि पेजर चेंडू-फळीचा 'पाँग' हा खेळ नुसत्या मेंदूच्या जोरावर खेळतो. 'सर, माकडाने मनाने खेळ खेळला!' असे सांगत मुले ती फीत शिक्षकांपुढे धरतात, आणि तास बाजूला ठेवून शिक्षकही ती पाहतात.

पुस्तकाची परीक्षणे होतात, नाटकाची होतात. मग वर्गात शिकविण्याचे साधन बनलेल्या चित्रफितीचे परीक्षण का होऊ नये? आमच्या भागात तर ते अधिकच अगत्याचे आहे. जीवशास्त्र घेऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलांचे मोठे तांडे दरवर्षी लातूर आणि नांदेड या दोन शहरांत येऊन राहतात. यांतलीच काही मुले उद्या मेंदूचे डॉक्टर होतील. मेंदूविषयी त्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे जे काही कळते, त्यातला बराचसा भाग अशा फितींतून येतो.

फितीत जे दाखविले आहे ते खोटे नाही, हे आधीच सांगून टाकू. पेजरच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक उपकरण बसविलेले होते. केसाहून बारीक तंतूंवरील दोन हजारांवर इलेक्ट्रोड हाताच्या हालचालींशी संबंधित भागात रोवलेले होते आणि त्यांतून मिळणारे विद्युत्-संकेत बिनतारी मार्गाने संगणकाकडे जात होते. पूर्वीच्या प्रयोगांत माकडाच्या कवटीतून जोडणीचा खुंट बाहेर काढावा लागे. त्याला तारा जोडाव्या लागत आणि त्या जागी जंतुसंसर्गाचा धोका कायमचा राही. येथे खुंट नाही, तारा नाहीत आणि कातडी शिवून बंद केलेली आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही प्रगती खरी आहे व तिचे श्रेय त्या मंडळींना दिलेच पाहिजे.

आमची तक्रार दुसरी आहे. फीत पाहणाऱ्याची अशी समजूत होते की ही विद्या २०२१ साली आकाशातून पडली.

साठच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडवर्ड एव्हार्ट्‌स यांनी जाग्या, काम करीत असलेल्या माकडाच्या मेंदूतील एकेका चेतापेशीचे संकेत नोंदविण्याची पद्धत पक्की केली. तोपर्यंत बहुतेक नोंदी भूल दिलेल्या प्राण्यांच्या असत, आणि झोपलेल्या गड्याकडे पाहून त्याच्या कामाचा अंदाज करावा तसा तो प्रकार होता. १९६९ मध्ये एबरहार्ड फेट्‌झ यांनी माकडासमोर काटा फिरणारे एक मापक ठेवले. माकडाच्या मेंदूतील एकच पेशी जितकी अधिक वेगाने संकेत देई तितका काटा सरके, आणि काटा पुरेसा सरकला की खाऊ मिळे. माकडे ते शिकली. 'विचाराने काटा हलविणे' म्हणावयाचे तर ते तेव्हाच घडले होते, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. २००० साली मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने माकडाच्या संकेतांवर यंत्राचा हात हलविला. २००२ मध्ये माकडांनी पडद्यावरचा ठिपका चालविला आणि २००८ मध्ये पिट्‌सबर्ग येथे माकडांनी यांत्रिक हाताने स्वतःला घास भरविला. एवढेच नव्हे तर मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत २००४ मध्ये ९६ इलेक्ट्रोडांची चकती बसविण्यात आली, आणि त्याने जे खेळ खेळून दाखविले त्यांत हाच पाँग होता. तो शोधनिबंध २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पेजरच्या आधी पंधरा-सोळा वर्षे माणूस हा खेळ खेळून गेला होता. फितीच्या निवेदनात याचा उल्लेखही नाही. विज्ञान शिकविणाऱ्याला हे खटकले पाहिजे, कारण पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे हा विज्ञानाच्या पद्धतीचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'मनाने' हा शब्द. दांडीची तार काढल्यावरही पेजरचा हात सवयीने दांडी हलवीत राहतो, हे फितीत स्पष्ट दिसते. संकेत घेतले जात होते ते हात हलविण्याची आज्ञा जेथून सुटते त्या भागातले. 'मला केळे हवे' ही इच्छा, 'हा माणूस मला का बांधतो' हा विचार, किंवा खेळात जिंकल्याचा आनंद, यांतले काहीही त्या उपकरणाने वाचलेले नाही. टेलिफोनच्या तारेला कान लावून गावच्या सरपंचाने पाटकऱ्याला दिलेला 'उजवीकडचे दार उघड' हा हुकूम ऐकावा, आणि मग 'आम्ही सरपंचाचे मन ओळखले' असे म्हणावे, त्यातला हा प्रकार आहे. हुकूम ऐकला हे खरे, पण मन पुष्कळ दूर राहिले.

हा हुकूम ऐकतात कसा, हे मात्र वर्गात सहज शिकविता येते, आणि फितीने ती संधी वाया घालविली आहे. अपोस्तोलोस जॉर्जोपौलोस यांना ऐंशीच्या दशकात असे आढळले की हालचालीशी संबंधित प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेला जाताना ती सर्वांत जास्त संकेत देते, आणि दिशा जसजशी फटकून जाते तसतशी ती थंडावते. एकट्या पेशीवरून नेमकी दिशा सांगता येत नाही, पण पुष्कळ पेशींचे मत एकत्र केले की ती सांगता येते. १९८६ च्या त्यांच्या निबंधात २२४ पेशींच्या मतांची अशी बेरीज केलेली आहे.

आमची सूचना अशी. मैदानावर चार मुलांना चार दिशांकडे तोंड करून उभे करावे. प्रत्येक मूल म्हणजे एक चेतापेशी, आणि टाळ्या म्हणजे तिचे संकेत. पूर्वेच्या व उत्तरेच्या मुलाने वीस-वीस टाळ्या वाजवाव्यात, पश्चिमेच्या व दक्षिणेच्या मुलाने पाच-पाच. पाचवा विद्यार्थी डोळे बांधून मध्ये उभा राहील, कारण तो संगणक आहे. वीसातून पाच गेले, पूर्वेकडे पंधरा उरले. उत्तरेकडेही पंधरा उरले. दोन्ही सारखे, तेव्हा हात ईशान्येकडे निघाला आहे. आता उत्तरेच्या मुलाने पाचच टाळ्या द्याव्यात, म्हणजे उत्तर-दक्षिण फिटंफाट होऊन हात सरळ पूर्वेकडे जाईल. नंतर चारांऐवजी सोळा मुले उभी करून त्यांतले एक गुपचूप काढून घ्यावे. उत्तर थोडेसेच बिघडते. मेंदूतल्या पेशी मरतात, इलेक्ट्रोड निकामी होतात, तरी यंत्रणा तग धरते ती का, हे मुलांना न सांगता कळते. अकरावीच्या सदिशांच्या बेरजेला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. भौतिकीच्या शिक्षकांनाही सोबत घ्यावे.

आतापर्यंत झाले ते मेंदूचे 'वाचन'. यात एक अडचण कायम राहते. एखादी पेशी हालचालीच्या वेळी संकेत देते म्हणून हालचाल तिच्यामुळेच घडते, असे सिद्ध होत नाही. पहाटे कोंबडा आरवतो आणि मग उजाडते, पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्याकडे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही माहीत असते. कारण कोणते आणि सोबत कोणती, हे ओळखण्यासाठी कोंबडे झाकून पाहावे लागते, किंवा त्याला अवेळी आरवायला लावावे लागते. मेंदूच्या बाबतीत अवेळी आरवायला लावणे म्हणजे इलेक्ट्रोडमधून उलट विद्युत्प्रवाह सोडून पेशींना उद्दीपित करणे.

या पद्धतीचा आमच्या मते सर्वांत देखणा प्रयोग विल्यम न्यूसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. माकडासमोर पडद्यावर पुष्कळ ठिपके इकडेतिकडे भरकटत असतात, आणि त्यांतले थोडे एकाच दिशेने जात असतात. ती दिशा कोणती, हे माकडाने नजर वळवून सांगावयाचे. थोडेच ठिपके एका दिशेने जात असले म्हणजे काम अवघड होते, माणसालाही होते. मेंदूच्या एका भागात गतीची दिशा ओळखणाऱ्या पेशी गटागटाने वसलेल्या आहेत, हे नोंदींवरून आधीच कळले होते. 'वर' ही दिशा पसंत करणाऱ्या गटात संशोधकांनी दहा मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह सेकंदाला दोनशे स्पंदांच्या गतीने सोडला. माकड नेहमीपेक्षा जास्त वेळा 'वर' असे उत्तर देऊ लागले. पडद्यावर काही बदललेले नव्हते. बदलले होते ते मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या मतदानाचे पारडे. त्या पेशी गतीची नुसती नोंद ठेवीत नाहीत, तर गतीविषयीचा निवाडा त्यांच्या मतावर होतो, हे यावरून ठरले. माकडाला ठिपके खरोखरच वर जाताना दिसले का, हा प्रश्न तरीही उरतो. ते विचारायला माकडाला भाषा नाही. प्रयोगाची मर्यादा प्रयोगकर्त्यालाच ठाऊक असणे, हे चांगल्या विज्ञानाचे एक लक्षण आम्ही मानतो.

याउलट उदाहरणही त्याच क्षेत्रात आहे आणि पेजरच्या फितीचे ते थेट पूर्वज शोभेल. १९६३ मध्ये स्पेनमधील कॉर्दोबाजवळ होसे देल्गादो हे शास्त्रज्ञ रिंगणात उतरले. अंगावर धावून येणाऱ्या बैलाच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसविलेले होते. देल्गादोंनी हातातील रेडिओ यंत्राचे बटण दाबले आणि बैल जागच्या जागी थबकला. १९६५ मध्ये ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली. बैलाचा राग विजेने शमविता येतो, असा डंका पिटला गेला. पुढे इलियट व्हॅलेन्स्टाइन यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की ज्या भागाला उद्दीपन मिळाले तो हालचालींशी निगडित आहे. बैलाचा राग शमला नसेल, त्याचे पाय अडले असतील आणि मान वळली असेल. थांबलेल्या बैलाकडे पाहून तो शांत झाला की जखडला, हे कोण सांगणार? छायाचित्र तर दोन्हींचे सारखेच येईल. देल्गादो हे माकडांवरील दूरनियंत्रित उद्दीपनाच्या प्रयोगांत खरोखरीचे अग्रणी होते, पण लोकांच्या लक्षात राहिला तो बैल.

मेंदूच्या खोल भागातील उद्दीपनाचा खरा विजय कोठे झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांना विचारावे. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, हा शब्द त्यांना ठाऊक असतो. डोपामिन कमी पडते, हेही पाठ असते. त्यापुढची हकीगत मात्र कोठे नसते, म्हणून ती थोडी विस्ताराने देतो.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण माणसे पुतळ्यासारखी ताठरून रुग्णालयात आली. बोलणे नाही, हालणे नाही. लक्षणे सगळी कंपवाताची, पण वय वीस-चाळिशीचे. हे सारे अमली पदार्थांच्या आहारी गेलेले होते आणि चोरट्या बाजारातील बनावट हेरॉइन त्यांनी टोचून घेतले होते. विल्यम लँग्स्टन या डॉक्टरांनी शोध लावला की त्यात बनविताना झालेल्या गफलतीमुळे एमपीटीपी नावाचे रसायन तयार झाले होते, आणि ते मेंदूतील डोपामिन बनविणाऱ्या पेशींना मारते. उंदरांच्या भाईबंदांपैकी घुशीसारख्या मोठ्या उंदरांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. माकडांवर होतो, आणि तो माणसासारखाच होतो. १९८३ पासून कंपवाताचे माकडातील प्रतिरूप शास्त्रज्ञांच्या हाती आले.

त्या माकडांच्या मेंदूतील नोंदी घेताना एक विलक्षण गोष्ट दिसली. थॅलॅमसच्या खाली असलेले मसुराच्या डाळीच्या आकाराचे एक छोटे केंद्र गरजेपेक्षा फार जास्त काम करीत होते. म्हणजे हालचाल थांबली होती ती यंत्र बंद पडल्यामुळे नव्हे, तर ब्रेक दाबून धरल्यामुळे. १९९० मध्ये बर्गमन, विख्‌मन आणि महलॉन डिलाँग यांनी ते केंद्र निकामी केले, आणि ताठरलेली माकडे हलू लागली. ब्रेक सापडला होता. पण माणसाच्या मेंदूचा भाग जाळून टाकणे म्हणजे परतीचा दोर कापणे. इकडे फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्येच दाखविले होते की थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड ठेवून सेकंदाला शंभराहून अधिक स्पंद दिल्यास थरथर थांबते, आणि प्रवाह बंद केला की पुन्हा सुरू होते. हे दोन धागे जुळले. १९९३ मध्ये फ्रान्समध्येच कंपवाताच्या माकडांत त्या छोट्या केंद्राचे जलद उद्दीपन करून गुण आल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी ग्रनोबलला माणसावर तो उपाय झाला. डिलाँग आणि बेनाबिद यांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. भारतात ही शस्त्रक्रिया नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉ. परेश दोशी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

आमच्याकडील कंपवाताचे रुग्ण या उपायाच्या आशेने पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठतात. त्यांच्या घरातला विज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी हीच बहुधा घरातली 'जाणकार' असते. तिला हे माहीत असावे की हा उपाय आजार बरा करीत नाही. पेशी मरण्याचे थांबत नाही. काही निवडक रुग्णांची थरथर, ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो. ज्यांना गोळ्यांचा गुण येतो त्यांनाच साधारणतः याचाही येतो. छातीत बसविलेली बॅटरी संपते आणि बदलावी लागते, अथवा वेळोवेळी भरावी लागते. तोल जाणे, स्मृती ढळणे यांवर त्याचा फारसा इलाज नाही. 'मेंदूत चिप बसवली की सगळे ठीक' अशी समजूत घेऊन शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला थांबवून चार प्रश्न विचारायला लावणे, एवढे जरी आपल्या वर्गातून साधले तरी तास सत्कारणी लागला असे आम्ही समजू.

याहून धाडसी प्रयोग अलीकडचे आहेत. २०२० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील गटाने भूल दिलेल्या माकडांच्या थॅलॅमसच्या एका विशिष्ट भागात सेकंदाला पन्नास स्पंद दिले. भूल चालूच होती, तरी माकडांनी डोळे उघडले, हातपाय हलविले, स्पर्शाला प्रतिसाद दिला. प्रवाह थांबताच ती पुन्हा निश्चल झाली. २०२२ मध्ये फ्रान्समधील गटाने असाच प्रयोग करून आणखी एक कसोटी लावली. ठरावीक क्रमाने सूर ऐकवायचे आणि मध्येच क्रम मोडायचा. क्रम मोडल्याची दखल घेणारे संकेत जाग्या मेंदूत दिसतात, भुलीत मावळतात, आणि उद्दीपन दिल्यावर पुन्हा उमटतात. नुसते डोळे उघडणे आणि जाग येणे यांत फरक करण्याची ही धडपड आहे. देल्गादोंच्या बैलाच्या वेळी हा विवेक दाखविला गेला नव्हता.

आता पेजरच्या भाईबंदांविषयी. प्रयोगशाळांतील नेहमीचे माकड म्हणजे ऱ्हीसस, आपले लाल तोंडाचे माकड. रक्तगट शिकविताना 'आरएच' हे जे अक्षर आपण फळ्यावर लिहितो ते याच माकडाच्या नावातून आले. आमचे नांदेड गोदावरीच्या काठी आहे. द्वीपकल्पात उत्तरेकडचे ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचे टोपीवाले माकड यांच्या राज्यांची सीमा पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी अशी पूर्वापार मानली जाई, आणि गेल्या काही दशकांत ऱ्हीसस ती ओलांडून दक्षिणेकडे सरकत आहेत. या माकडांची भारतातून अमेरिकेला प्रचंड निर्यात होत असे. पोलिओच्या लशीच्या धामधुमीत, पन्नाशीच्या दशकात, एकेका वर्षात लाखाहून अधिक माकडे गेली. किरणोत्सर्गाच्या लष्करी प्रयोगांत ती वापरली जात असल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ पासून निर्यात बंद केली. आज आपल्या देशातही बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र येथे माकडांच्या मेंदूतील नोंदींवर काम होते. मानेसरला नीरज जैन यांच्या गटाने पाठीचा कणा दुखावलेल्या माकडांच्या मेंदूत हाताची जागा हनुवटीच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागते ती का, याचा छडा लावला. तो बदल वरच्या थरात नव्हे, तर खाली मस्तिष्कस्तंभात घडतो, असे त्यांनी २०१४ मध्ये दाखविले. ही नावे आमच्या मुलांना ठाऊक नाहीत, पेजरचे नाव ठाऊक आहे.

पेजरच्या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये, प्राणिमित्र संघटनेच्या तक्रारीनंतर, स्वतःच मान्य केले की तिच्या काही माकडांना दयामरण द्यावे लागले. शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, उपकरणातील बिघाड आणि उपकरणामुळे झाल्याचा संशय असलेला जंतुसंसर्ग ही त्यांतली काही कारणे होती. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाला उपकरण बसविल्यावर काही आठवड्यांत त्यातील काही तंतू मेंदूतून मागे सरकले आणि संकेत कमी झाले, हेही कंपनीने नंतर सांगितले. संकेत वाचण्याची रीत बदलून त्यांनी काम सावरले. अपयश सांगितले म्हणून ते प्रसिद्धीला आले. फितीत मात्र अपयशाला जागा नव्हती. माकडांवरचे सगळे प्रयोग बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. कंपवाताची वर दिलेली हकीगत वाचून तसे म्हणणे आम्हांला जमणार नाही. पण किंमत न सांगता माल दाखविणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो?

पाठ्यपुस्तकाकडे वळलो तर तेथेही समाधान नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रातील चेतासंस्थेच्या प्रकरणातून २०२२-२३ मध्ये प्रतिक्षिप्त क्रिया आणि डोळा-कान हे भाग वगळण्यात आले. पुढे प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासक्रमातूनही ते गेले. आमच्याकडे प्रवेशपरीक्षेतून जे गेले ते वर्गातूनही गेले, हे सांगायला नको. उरली ती भागांची नावे आणि चेतासंवेगाचे रसायन. संवेदनेचे प्रवेशद्वार असलेला डोळा नाही, आणि साधी उलट-प्रतिक्रिया कशी घडते तेही नाही, अशा मेंदूविषयी चार पर्यायांतून एक निवडता येतो, प्रश्न विचारता येत नाही. कोणता भाग काय करतो हे आहे. ते कळले कसे, हे नाही. म्हणून मग 'कळले कसे' याची भूक पेजरची फीत भागविते.

या भुकेचे दुसरे टोक आपल्या शेजारीच पाहायला मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावाची बातमी जगभर गेली. कुत्र्यांनी पिलू मारले म्हणून वानरे सूडाने कुत्र्यांची पिले उंच नेऊन खाली टाकतात, अडीचशे कुत्री मारली, असे ग्रामस्थांचे म्हणणे छापून आले. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. मराठीत आपण काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराला आणि लाल तोंडाच्या माकडाला वेगळी नावे देतो. इंग्रजी बातम्यांत दोघांची खिचडी झाली. वानरे पिले उचलतात, कुरवाळतात, छपरावर नेतात. तेथे पिलू उपाशी मरते किंवा पडते, हे साधे स्पष्टीकरण काही जाणकारांनी दिले, पण 'सूड' या शब्दापुढे ते टिकले नाही. दुसऱ्या नराची पिले मारण्याचे वानरांचे वर्तन साठच्या दशकात धारवाडच्या रानात युकिमारु सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने पाहिले, तेव्हा त्याने आधी गट मोजले, नर कोणता कधी आला याची टिपणे ठेवली आणि मग लिहिले. लवूळला कोणी टिपणे ठेवली नाहीत. धाराशिवजवळच्या उपळा गावात बत्तीस एकर जमीन वानरांच्या नावे असल्याचे २०२२ मध्ये छापून आले. तेथल्या लोकांना वानरांच्या मनाविषयी जे वाटते ते प्रेमाचे आहे, आणि त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण वर्गात सूडही गृहीत धरता येत नाही आणि मायाही. एका ठिकाणी प्राण्याला माणसाचे मन बहाल केले जाते, दुसऱ्या ठिकाणी मोबाइलला जोडता येणारे यंत्र समजले जाते. पाहिले किती आणि मानले किती, हे दोन्हीकडे विचारलेले नसते.

शिक्षकांनी ही फीत वर्गात जरूर दाखवावी, मात्र आवाज बंद करून. दांडीची तार निघते तेथे थांबवून विचारावे, माकडाचा हात अजून का हलतो? संगणकाला दिशा कशी कळली असेल? मग मैदानावर टाळ्यांचा खेळ घ्यावा. दुसऱ्या वेळी आवाजासह दाखवावी, आणि निवेदकाने सांगितलेले काय व आपल्याला दिसलेले काय, याचे दोन रकाने मुलांकडून भरून घ्यावेत. फितीच्या सुरुवातीला निवेदक म्हणतो की शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे झाले आहेत आणि नीट पाहिले तर पेजरच्या डोक्यावरचे केस अजून पुरते उगवलेले नाहीत असे दिसेल. तेथेही फीत थांबवावी, आणि मुले काय विचारतात ते फळ्यावर लिहून घ्यावे.